पुढचं पाठ, मागचं सपाट होऊ नये म्हणून: मेंदू समजून घेऊन तास कसा आखावा

तास छान झाला होता. विषय परिमिती आणि क्षेत्रफळ. फळ्यावर आकृत्या नीट उतरल्या होत्या, दहा उदाहरणं सोडवून झाली होती आणि शेवटी "समजलं ना?" म्हटल्यावर वर्गभर माना हलल्या होत्या. तीन आठवड्यांनी त्याच वर्गाला विचारलं, आयताकृती मैदानाभोवती कुंपण घालायचं आहे, तार किती लागेल? अर्ध्याहून जास्त मुलांनी लांबीला रुंदीने गुणलं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी जे बोलले, ते आपण शिक्षक नेहमीच बोलतो: पालथ्या घड्यावर पाणी.

आज ते बोलणं मला मुलांवर अन्याय करणारं वाटतं. विसरणं हा मेंदूचा रोजचा कारभार आहे आणि माझ्या आखणीत त्या विसरण्याला कुठे जागाच नव्हती. एक धडा संपला की दुसरा सुरू. मग पुढचं पाठ आणि मागचं सपाट होणारच. तेव्हापासून मी तास दुसऱ्या टोकाकडून आखायला लागले. मुलं हे विसरणार असं धरून चालायचं, आणि ते त्यांना ठरवून पुन्हा आठवायला लावायचं. ती पद्धत इथे पायरीपायरीने सांगते. विषय आणि इयत्ता कोणतीही असली तरी थोड्या फेरफाराने ती वापरता येते.

आधी एक सावधगिरी. जॉन ब्रूअर यांनी १९९७ मध्येच बजावलं होतं की चेतापेशींपासून थेट वर्गापर्यंत एकच लांब पूल बांधायला गेलं तर तो टिकत नाही. मध्ये मानसशास्त्राचा खांब लागतो. मेंदूच्या रंगीत चित्रांवरून उद्याचा तास कसा घ्यायचा ते कळत नाही. माणसं काय लक्षात ठेवतात आणि काय विसरतात, यावरच्या प्रयोगांतून मात्र पुष्कळ कळतं. म्हणून "मेंदूवर आधारित" असा शिक्का मारलेलं काहीही समोर आलं की मी पहिल्यांदा विचारते, हे खऱ्या मुलांवर, खऱ्या धड्यावर, काही आठवड्यांनी तपासून पाहिलंय का?

मेंदूबद्दल एवढं माहीत असलं तरी पुरे

आपण ज्या क्षणी विचार करतो, त्या क्षणी मनात एक छोटी पाटी धरलेली असते. शास्त्रज्ञ तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिच्यावर साधारण सात गोष्टी मावतात असं मांडलं. पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये जुने-नवे पुरावे तपासून हा आकडा चारच्या आसपास आणला. म्हणजे पाटी फारच लहान आहे, आणि मुलांची तर आपल्याहून लहान.

मग आपण एवढाले गुंतागुंतीचे विचार करतो कसे? आधीपासून पक्क्या माहीत असलेल्या गोष्टींची मोळी बांधली जाते आणि ती अख्खी मोळी पाटीवर एकच जागा घेते. नुकतं वाचायला शिकलेलं मूल "क्षेत्रफळ" हा शब्द एकेक अक्षर जुळवत वाचतं. त्यातच पाटी भरते आणि शब्द संपेपर्यंत वाक्याची सुरुवात पुसलेली असते. तुम्ही-आम्ही तो शब्द एका नजरेत उचलतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंवर हेच दाखवलं. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू ती नवख्यापेक्षा कितीतरी चांगली पुन्हा मांडतो, पण मोहरे कसेही विखरून ठेवले की त्याची ही आघाडी जवळपास नाहीशी होते. त्याची पाटी मोठी नव्हती, मोळ्या जास्त होत्या. म्हणून "पाठांतर नको, फक्त विचार करायला शिकवा" हे मला पटत नाही. विचार करायला काहीतरी हाताशी लागतं.

दुसरी गोष्ट दीर्घकाळ टिकणाऱ्या आठवणीची. १९५३ मध्ये हेन्री मोलायसन या तरुणाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस (मेंदूच्या आत खोलवर असलेला एक छोटा भाग) आणि आजूबाजूचा भाग अपस्माराच्या उपचारासाठी काढला गेला. त्यानंतर घडलेली कोणतीही नवी घटना त्यांच्या लक्षात राहीना. तरी ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून आकृती गिरवायला दिली, तेव्हा त्यांचा हात दिवसागणिक सुधारत गेला. आदल्या दिवशी हे केल्याची मात्र त्यांना आठवणही नव्हती. माहिती लक्षात राहणं आणि कौशल्य हातात बसणं या वेगळ्या वाटा आहेत, हे त्यातून उघड झालं. ज्या एरिक कँडेल यांना २००० मध्ये नोबेल मिळालं, त्यांनी समुद्री गोगलगायीवर काम करून दाखवलं की दीर्घकाळच्या आठवणीसाठी पेशींना नवी प्रथिनं तयार करावी लागतात आणि चेतापेशींमध्ये नवे सांधे जुळावे लागतात. हे बांधकाम आहे, त्याला वेळ लागतो. चाळीस मिनिटांच्या तासात पाया खणून होतो, घर उभं राहत नाही.

पहिली पायरी: आधीचं काय आहे ते बघा

नवा घटक सुरू करण्याच्या आदल्या दिवशी पाच मिनिटं काढा. प्रत्येकाने अर्ध्या कागदावर उत्तर लिहायचं, नाव घालायचं नाही. अपूर्णांकांचा भागाकार यायचा असेल तर "अर्ध्यात पाव किती वेळा बसतो? चित्र काढून दाखवा" एवढा एकच प्रश्न. प्रकाशसंश्लेषण यायचं असेल तर "बी छोटं असतं, झाड प्रचंड होतं. झाडाचं वजन कुठून आलं?" बहुतेक मुलं मातीतून असं लिहितात. पक्की बसलेली ही चुकीची कल्पना तुम्हाला आधीच दिसली, तर तास तिच्याभोवती रचता येतो. न दिसता पुढे गेलात, तर मुलं परीक्षेत हवा आणि पाणी लिहितील आणि मनात मातीच राहील.

कागद घरी नेऊन तपासायची गरज नाही. चाळून तीन ढीग करा: माहीत आहे, अर्धवट आहे, उलटं माहीत आहे. तिसरा ढीग नीट वाचा.

दुसरी पायरी: पाटी सांडू देऊ नका

इथे आपल्या सवयी बदलाव्या लागतात आणि ते मला जड गेलं. फळ्यावर किंवा पडद्यावर मजकूर दाखवायचा आणि त्याच वेळी तोच मोठ्याने वाचायचा, ही माझी जुनी सवय. वाचणं आणि ऐकणं दोन्ही भाषेचंच काम असल्यामुळे ते एकमेकांच्या वाटेत येतं. आता मी चित्र दाखवते आणि बोलते, किंवा मजकूर दाखवते आणि गप्प बसते. आकृतीतल्या भागांची नावं बाजूला यादीत न देता त्या त्या भागावरच लिहिते. मुलांची नजर यादी आणि आकृती यांत फेऱ्या मारत राहिली की पाटीवरची जागा त्या फेऱ्याच खातात.

गणितात नवीन रीत शिकवताना पहिलं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा आणि प्रत्येक ओळीशी थांबून "इथे असं का केलं?" हे बोला. दुसऱ्या उदाहरणात शेवटची पायरी मुलांवर सोडा, तिसऱ्यात शेवटच्या दोन. असं करत करत आधार काढून घ्या. अगदी नवख्या मुलाला एकदम पूर्ण प्रश्न दिला तर त्याची सगळी ताकद वाट शोधण्यात जाते आणि रीत शिकायला काही उरत नाही. ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर १९८० च्या दशकापासून हेच सांगत आले. मात्र ज्या मुलांना रीत जमली आहे त्यांना सोडवलेली उदाहरणं देत राहू नका. त्यांच्यासाठी तो अडथळाच होतो.

तिसरी पायरी: रोज सुरुवातीची सात मिनिटं, चार प्रश्न

या लेखातली एकच गोष्ट करायची ठरवलीत तर ही करा.

१८८५ मध्ये हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला. पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात यावरून ते मागे काय उरलंय हे ठरवत. एका तासाने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के आणि एका महिन्याने २१ टक्के श्रम वाचत होते. घसरण सुरुवातीलाच सर्वांत तीव्र असते. अर्थपूर्ण धडा निरर्थक अक्षरांपेक्षा सावकाश विसरला जातो, पण घसरणीचा आकार साधारण तसाच राहतो.

ही घसरण अडवण्याचा आपला नेहमीचा उपाय म्हणजे "पुन्हा वाचा". हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये त्याची परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि मग उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तर दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने तपासलं तर पारडं फिरलं होतं. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून सकाळी सगळं येतं आणि पुढच्या महिन्यात काहीच उरत नाही, त्याचा हा हिशेब आहे.

मनातून खेचून काढताना आठवणीची वाट रुंद होते. पुस्तक समोर असताना ती वाट चालावीच लागत नाही. वाचलेलं ओळखीचं वाटतं आणि मूल समजतं की आपल्याला येतंय. "बाई, घरी सगळं येत होतं" असं रडवेल्या तोंडाने सांगणारी मुलगी खोटं बोलत नसते. घरी तिने पुस्तक उघडं ठेवून तपासलेलं असतं.

माझी रीत अशी. मुलं आत येतात तेव्हा फळ्यावर चार प्रश्न लिहिलेले असतात. पहिला कालच्या तासाचा, दुसरा गेल्या आठवड्याचा, तिसरा गेल्या महिन्याचा आणि चौथा असा की त्याला आधीच्या दोन गोष्टी जोडाव्या लागतील. वह्या-पुस्तकं बंद. चार मिनिटं शांतपणे लिहायचं, तीन मिनिटं उत्तरं. प्रत्येकाने आपलं आपण दुसऱ्या रंगाच्या पेनाने दुरुस्त करायचं. गुण नाहीत. "किती बरोबर आले?" असं हात वर करून विचारणंही मी बंद केलं, कारण हात वर न करणारी मुलं हळूहळू लिहिणंच सोडतात.

प्रश्न कसा विचारता, यावर बरंच अवलंबून आहे. "प्रकाशसंश्लेषणात हरितद्रव्य लागतं का?" या प्रश्नात उत्तर आयतं दिलेलं आहे. "झाड अंधाऱ्या खोलीत ठेवलं तर पानांत काय काय बदलेल, आणि का?" याने मेंदूला कामाला लावलं. पण सगळेच प्रश्न असे अवघड नकोत. चारांपैकी निदान दोन बहुतेकांना यावेत. सतत कोरा कागद समोर आला तर कोणाचाही धीर सुटतो.

एखाद्याला काहीच आठवत नसेल तर? त्याला मी आधी कोऱ्या जागेसमोर मिनिटभर बसू देते. तो मिनिट महत्त्वाचा आहे. मग एक दुवा देते, पहिलं अक्षर किंवा आकृतीची बाह्यरेषा, आणि तरीही जमलं नाही तर वही उघडून तीस सेकंद बघायला, मिटायला आणि लिहायला सांगते. शेजाऱ्याचं बघून लिहिणाऱ्यांवर ओरडून उपयोग नाही. गुणच नसल्यामुळे दोन-तीन आठवड्यांत बघण्याचं कारण उरत नाही. अगदी लहान मुलांना लिहायला लावू नका. पाटीवर चित्र काढणं किंवा शेजाऱ्याला सांगणं चालतं, फक्त आधी प्रत्येकाने मनात उत्तर धरलं पाहिजे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: ही तर घोकंपट्टीच झाली. घोकणं म्हणजे समोरचं तेच ते पुन्हा म्हणणं. इथे समोर काहीच नसतं. कार्पिक आणि जेनेल ब्लंट यांनी २०११ मध्ये विज्ञानाच्या उताऱ्यांवर दोन गटांची तुलना केली. एक गट पुस्तक समोर ठेवून संकल्पनांचा नकाशा काढत होता, दुसरा आठवून लिहीत होता. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे निघाले, आणि ज्यांत तर्क लढवावा लागतो अशा प्रश्नांतही पुढे निघाले.

चौथी पायरी: उजळणीला तारखा द्या

"परीक्षेआधी उजळणी घेऊ" याचा अर्थ सगळी उजळणी एका ढिगात घेऊ. तोच वेळ तुकडे करून पसरला तर फळ कितीतरी जास्त मिळतं. मानसशास्त्रातल्या सर्वांत भक्कम निष्कर्षांपैकी हा एक आहे. अंतर किती ठेवायचं हे किती काळ लक्षात ठेवायचंय त्यावर ठरतं. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १,३०० हून जास्त लोकांवर केलेल्या प्रयोगात आठवड्याभराने येणाऱ्या चाचणीसाठी दिवसाभराचं अंतर चांगलं ठरलं, आणि जवळपास वर्षभर टिकवायचं तर साधारण तीन आठवड्यांचं.

वर्गात एवढं काटेकोर जमत नाही आणि त्याची गरजही नाही. मी वर्षाच्या सुरुवातीला एका वहीत प्रत्येक घटकाला पाच तारखा देते: शिकवला तो दिवस, दुसरा दिवस, त्याच आठवड्याचा शेवट, तीन आठवड्यांनी, दोन महिन्यांनी. वरचे चार प्रश्न याच वहीतून निघतात, म्हणून रोज सकाळी "आज काय विचारू?" असं डोकं खाजवावं लागत नाही. गृहपाठही मी एक आठवडा मागे ठेवते. आज शिकवलेल्यावर आज फक्त दोन उदाहरणं, बाकीची गेल्या आठवड्याच्या घटकावर. पालक सुरुवातीला तक्रार करतात की मूल अडखळतंय. अडखळणं अपेक्षित आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. थोडं विसरायला आल्यावर आठवण्याचे कष्ट पडतात आणि त्या कष्टांनीच आठवण पक्की होते. रॉबर्ट ब्यॉर्क यांनी १९९० च्या दशकात अशा अडचणींना हव्याहव्याशा अडचणी म्हटलं, ते मला फार समर्पक वाटतं.

"अभ्यासक्रमच संपत नाही, त्यात हे कुठे बसवू?" हा प्रश्न रास्त आहे. माझा अनुभव सांगते. रोजची सात मिनिटं गेली, पण प्रत्येक नव्या घटकाआधी मागचं पुन्हा शिकवण्यात जाणारे तास वाचले, आणि शेवटचे उजळणीचे आठवडे जवळपास लागेनासे झाले.

पाचवी पायरी: उदाहरणं मिसळा

आता कुंपणाकडे परत येते. माझ्या मुलांना परिमितीचं सूत्र येत होतं. क्षेत्रफळाचंही येत होतं. कुठलं कधी वापरायचं हे येत नव्हतं, कारण त्यांना ते कधी ठरवावंच लागलं नव्हतं. धड्याच्या नावातच उत्तर होतं. क्षेत्रफळाच्या सरावसंचात प्रश्न न वाचता दोन संख्या गुणल्या तरी उत्तर बरोबर येतं.

डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका प्रकारची उदाहरणं सलग सोडवली, दुसऱ्याने सगळे प्रकार मिसळून. सरावाच्या वेळी सलग सोडवणारे ८९ टक्के बरोबर होते, मिसळून सोडवणारे ६०. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले होते आणि मिसळून सोडवणारे ६३ वर. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसले होते. ज्या दिवशी वर्गात सगळं सुरळीत चाललंय असं वाटत होतं, त्याच दिवसांनी मला फसवलं होतं.

करायचं असं. नवी रीत शिकवली त्या दिवशी चार-पाच उदाहरणं सलग द्या, कारण आधी रीत हाताला लागायला हवी. दुसऱ्या दिवसापासून संचात मागची उदाहरणं घुसवा. आधीच्या धड्यांतली उदाहरणं कागदावर लिहून काढा, क्रम विस्कटून टाका, धड्याचं नाव खोडा. अधूनमधून असाही संच द्या ज्यात सोडवायचं नाही, फक्त प्रत्येक प्रश्नासमोर "कुठली रीत आणि का" एवढंच लिहायचं. व्याकरणात समास, विज्ञानात रासायनिक अभिक्रियांचे प्रकार, कलेत वेगवेगळ्या चित्रकारांच्या शैली, जिथे जिथे सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतला फरक ओळखायचा असतो तिथे मिसळणं कामी येतं. एकमेकांशी संबंधच नसलेले विषय मिसळून काही साधत नाही.

सहावी पायरी: विचारा, आणि थांबा

मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांब आणि जास्त विचारपूर्वक आली, आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, वर्गात ते खूप लांब वाटतात. मी मनात "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" मोजते. आधी प्रश्न, मग शांतता, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचा वर्ग सुटतो.

सातवी पायरी: चुकीचं उत्तर कसं घ्यायचं

मुलगा ठामपणे चुकला तर ती संधी आहे. ब्रेडी बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ यांना २००१ मध्ये आढळलं की ज्या उत्तराबद्दल माणूस खात्रीने चुकतो, तेच दुरुस्त केल्यावर जास्त चांगलं लक्षात राहतं. धक्का बसतो आणि लक्ष वेधलं जातं. म्हणून चार प्रश्नांच्या उत्तरांपुढे मी मुलांना खात्री किती, ते एक ते तीन आकड्यांत लिहायला सांगते. तीन लिहून चुकलेलं उत्तर त्यांनी स्वतः चौकटीत घालायचं. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न पुन्हा येतो.

तपासलेल्या वहीवर गुण आणि शेरा दोन्ही दिले तर मुलं गुण बघतात आणि वही मिटतात. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगात नुसता शेरा मिळालेल्या मुलांची कामगिरी आणि आवड वाढली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना नुसत्या गुणांपेक्षा विशेष फायदा झाला नाही. जिथे गुण देणं बंधनकारक नाही तिथे नुसता शेरा लिहा, आणि असा लिहा की मुलाला पुढे काहीतरी करावं लागेल. "छान प्रयत्न" याने काही करता येत नाही. "तिसऱ्या ओळीत छेद बदलला, अंश का नाही बदलला?" याने करता येतं.

भीती आणि झोप

भीतीने पाटी भरते, हे शब्दशः खरं आहे. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये दाखवलं की गणिताची धास्ती असलेल्या माणसांची कार्यकारी स्मृती गणित करताना आक्रसते. चिंता स्वतःच तिथे जागा अडवून बसते. मूल हुशार असो नसो, फळ्यासमोर थरथरत उभं असताना त्याच्याकडे विचार करायला जागाच उरत नाही. म्हणून ज्या मुलाला वर्गासमोर उभं करायचंय त्याला आधी शेजाऱ्याशी बोलू द्या. चुकल्यावर वर्गात हसू फुटलं तर तास थांबवा. मी तिथे कधीच दुर्लक्ष करत नाही.

झोपेबद्दल आपल्या हातात थोडंच आहे, पण पालकसभेत सांगण्याजोगं आहे. झोपेत दिवसाच्या आठवणी पक्क्या होतात. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, झोप रात्री उशिरा येते, त्यामुळे पहिल्या तासाला पेंगणारा नववीतला मुलगा आळशी असेलच असं नाही.

काय सोडून द्यायचं

काही गोष्टी आपल्यात इतक्या रुजल्या आहेत की सोडताना वाईट वाटतं. डोळ्यांनी शिकणारे, कानांनी शिकणारे, हातांनी शिकणारे अशी मुलांची विभागणी त्यांतली एक. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पुरावे तपासले. मुलांना त्यांच्या "शैलीप्रमाणे" शिकवल्याने ती जास्त शिकतात, असं ठामपणे म्हणायला आधार सापडला नाही. नकाशा सगळ्यांनी बघायचा असतो आणि कविता सगळ्यांनी ऐकायची असते. शिकण्याचा मार्ग विषयावरून ठरवा. डाव्या मेंदूची आणि उजव्या मेंदूची मुलं, मेंदूचा फक्त दहा टक्के वापर, ही वाक्यंही वर्गातून हद्दपार करा. शरीराच्या वजनात जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू सुमारे वीस टक्के ऊर्जा वापरतो. एवढा महाग अवयव नव्वद टक्के रिकामा बसवून ठेवणं शरीराला परवडलं नसतं.

रंगीत पेनाने ओळी अधोरेखित करणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं हे मुलांचे लाडके उपाय. जॉन डनलॉस्की यांच्या गटाने २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती पडताळल्या तेव्हा हे दोन्ही तळाला होते. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास काळात पसरवणं वर होते.

सुरुवात कशी करायची, आणि जमतंय का ते कसं कळेल

सगळं एकदम सुरू करू नका. एक वर्ग निवडा आणि एक घटक निवडा. पहिले तीन आठवडे फक्त चार प्रश्न. चौथ्या आठवड्यात संच मिसळायला घ्या. खात्रीचे आकडे आणि गुणांविना शेरे त्यानंतर.

पहिल्याच दिवशी मुलांना कारण सांगा, नाहीतर त्यांना ही रोजची परीक्षा वाटते. मी २००६ च्या प्रयोगाचे आकडे फळ्यावर लिहिते आणि विचारते, पाच मिनिटांनी कोण पुढे होतं? आठवड्याने कोण? असं का झालं असेल? आठवी-नववीच्या मुलांना हे प्रचंड आवडतं. आपला मेंदू कसा चालतो हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. धाकट्यांना मी सांगते की गवतातून रोज चाललं की पायवाट पडते, आणि चालणं थांबलं की गवत पुन्हा वाढतं.

पडताळणीसाठी तो घटक शिकवून झाल्यावर लगेच चाचणी घेऊ नका. ती नेहमीच चांगली जाते. सहा आठवडे थांबा. मग पूर्वसूचना न देता दहा प्रश्न द्या: पाच या पद्धतीने शिकवलेल्या घटकाचे, पाच त्याच सुमाराला जुन्या पद्धतीने शिकवलेल्या दुसऱ्या घटकाचे. अवघडपणा सारखा ठेवा आणि प्रश्न मिसळून टाका. मुलांना गुण सांगू नका, स्वतःच्या वहीत दोन रकाने करून ठेवा. एका वर्गावरून शास्त्रीय निष्कर्ष निघत नाही, पण आपल्या मुलांचं काय टिकलं आणि काय सांडलं ते त्या दोन रकान्यांत दिसतं. दुसऱ्या रकान्यात ज्या प्रश्नावर सगळ्यात जास्त मुलं अडली, तो दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर पहिला प्रश्न म्हणून लिहा.